तीस दिवसांचं लायसन्स

जालन्यात भोकरदन नाक्याजवळ एका खताच्या दुकानाच्या माडीवर काकासाहेबांचं कॉम्प्युटर सेंटर होतं. बाहेर हातभर अक्षरांत पाटी होती : ‘अस्सल परदेशी सॉफ्टवेअरवर प्रशिक्षण’. कौसल्या तिथं मुलींना प्रोग्रॅमिंग शिकवायची. अंबडहून ती रोज सकाळच्या एसटीनं यायची आणि जिना चढताना ती पाटी दिसली की तिचं तोंड कडू व्हायचं. परदेशी होतं, हे खरं. अस्सल म्हणावं असं मात्र त्या सेंटरमध्ये भिंतीवरच्या पालीशिवाय काही नव्हतं.

प्रोग्रॅम लिहायचा तर त्यासाठी आणखी एक सॉफ्टवेअर लागतं, आणि ते महाग असतं. म्हणून कंपन्या नमुना द्यायच्या. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर सीडी यायची. तीस दिवस फुकट वापरा, पटलं तर विकत घ्या, नाहीतर काढून टाका. काकासाहेबांना या सगळ्यातलं ‘फुकट’ तेवढं वाचता यायचं. महिना भरला की मशीनवर चौकट उघडायची : मुदत संपली. मग काकासाहेब अंगठ्या सावरत खुर्चीत बसायचे, कॉम्प्युटरची तारीख मागे न्यायचे, आणि बंद पडलेलं सॉफ्टवेअर पुन्हा मुकाट चालू लागायचं.

“अमेरिकेला गंडवलं बघा म्याडम!” ते दर महिन्याला म्हणायचे, आणि दर महिन्याला तितकंच खूश व्हायचे.

अमेरिकेचं काय व्हायचं ते होवो. कौसल्याला संताप यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. हा माणूस प्रत्येक मुलीकडून फीशिवाय वेगळी ‘लायसन्स फी’ घ्यायचा. कोणी दागिना मोडून भरायचं, कोणी मामाकडून आणून. आणि लायसन्स तर त्यानं जन्मात विकत घेतलेलं नव्हतं.

तिनं एकदा स्वतःच्या पैशानं पुण्याला विक्रेत्याकडे फोन लावून चौकशी केली. पूर्ण किंमत ऐकून तिला घेरी यायचीच बाकी होती. पण शिकवणाऱ्या संस्थांना निराळा भाव होता, कितीतरी कमी.

“एका बॅचच्या लायसन्स फीमध्ये सगळ्या मशीनचं येतंय, सर,” तिनं सांगितलं.

काकासाहेबांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “फुकट चालून राह्यलंय ना? मंग कशाला खर्चा? तू शिकली बक्कळ, पण बाजार न्हाई कळला तुला.”

कौसल्याला नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. वडील, भिवा गुरुजी, नुकतेच रिटायर झालेले. अंबडमध्ये तिच्या शिक्षणाला काम नव्हतं. पण त्या दिवसापासून तिनं काकासाहेबांना मनातल्या मनात ‘सर’ म्हणणं बंद केलं. तोंडानं म्हणायची, तेही चपलेवरची धूळ झटकावी तसं.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात काकासाहेबांनी एमआयडीसीतल्या एका बियाणं कारखान्याचं काम मिळवलं. मालक साहेबराव. कपाशीचं बियाणं साफ करून थैल्यांत भरायचं, आणि प्रत्येक थैलीवर लेबल : उगवणीची चाचणी कधी झाली, बियाणं कधीपर्यंत चालेल. ही लेबलं कॉम्प्युटरवर निघावीत अशी मालकांची इच्छा. प्रोग्रॅम कौसल्यानं लिहिला, वाहवा काकासाहेबांनी घेतली. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. ती एकाच गोष्टीला अडून बसली.

“हा प्रोग्रॅम आपण नमुन्यावर बनवलाय. नमुन्याची मुदत संपली की तोही बंद पडणार. शिवाय नमुन्यावर बनवलेलं विकायची परवानगीच नाही. आता तरी विकत घ्या.”

“बंद पडला तर तारीख मागं घेऊ.”

“सर, तो कारखाना बियाण्याचा आहे. लेबलवर कॉम्प्युटरचीच तारीख तर छापायची आहे!”

“बराबर, बराबर,” काकासाहेब म्हणाले आणि फोनवर दुसऱ्या कुणाशी तरी बोलू लागले. दुसऱ्याचं ऐकायची त्यांची हीच तऱ्हा होती.

ऐन हंगामाच्या तोंडावर प्रोग्रॅम बंद पडला. कारखान्यातून फोन आला तेव्हा कौसल्या वर्गावर होती. काकासाहेब तिला न सांगता मोटारसायकलवर गेले, तारीख मागे नेली आणि परत आले. आणि दर महिन्याला हेलपाटा नको म्हणून या शहाण्यानं एकदम अख्खं वर्ष मागे नेलं.

चार दिवसांनी भोकरदनच्या दुकानांत पोचलेल्या थैल्यांवर लेबल होतं ते असं : चाचणी गेल्या वर्षीची, मुदत कधीच संपलेली. दुकानदार वसंतानं पहिली थैली उचलली, लेबल वाचलं आणि ट्रक होता तसा परत पाठवला. मागोमाग दुसऱ्या गावांहूनही थैल्या परत आल्या. चांगलं, ताजं बियाणं. पण लेबलावर ते मेलेलं होतं.

साहेबरावांनी दोघांना बोलावून घेतलं. ऑफिसात एसी चालू होता, तरी काकासाहेबांच्या कपाळाला घाम होता. कौसल्यानं तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, “मालक, पोरगी नवी हाये. तिच्याकडून चूक झाली प्रोग्रॅममधी. मी बोललो तिला.”

कौसल्याला वाटलं होतं, असं काही झालं तर आपल्याला रडू येईल. रडू आलं नाही. किळस आली. पानात केस निघाल्यावर येते तशी.

दाराशी लेबल छापणारा कचरू उभा होता. तिनं त्यालाच विचारलं, “कचरूभाऊ, मशीनची तारीख कोणी बदलली?”

“हे सर आल्ते ना,” कचरू म्हणाला. “म्हणले, आता वर्षभर बघायचं काम न्हाई.”

मग कौसल्यानं नमुना, त्याची मुदत, लायसन्स, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. काकासाहेब मध्ये मध्ये “तसं न्हाई मालक” म्हणत होते. तिनं त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. साहेबरावांनी त्यांना हातानंच बाहेरची वाट दाखवली.

“आता तू नीट करून दे,” ते कौसल्याला म्हणाले. “काय लागंल?”

तिनं सॉफ्टवेअरची खरी किंमत सांगितली, आपली मजुरी सांगितली. साहेबराव खुर्चीत मागे रेलले.

“असं कर, हंगामभर चालवून बघतो. बराबर चाललं तर देऊ पैसे.”

कौसल्याच्या मनात आलं : माडीवरचा माणूस आणि एसीतला माणूस, फरक फक्त खुर्चीचा.

“मालक, तुम्ही बियाणं असं देता का शेतकऱ्याला? पेरून बघ, उगवलं तर पैसे दे?”

“बियाण्याची गोष्ट येगळी.”

“वेगळी कशी?”

साहेबरावांनी बेल मारली. चहा आणायला सांगितलं. चहा यायच्या आत ती उठून आली. त्या हंगामात कारखान्यानं हातानं तारखांचे रबरी शिक्के मारून थैल्या पाठवल्या.

सेंटरवर परत येऊन तिनं वर्गातच मुलींना सांगितलं, “तुम्ही भरलेल्या पैशाचं लायसन्स इथं नाही. कधीच नव्हतं. मी आज जातेय.” आणि गेली.

दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई, सरकारी दवाखान्यातली नर्स द्वारकाबाई, जिना चढून आली. “लायसन्स दाखवा,” ती म्हणाली.

“ते कॉम्प्युटरच्या आत असतं, बाई.”

“मंग उघडा. मी थांबते.”

ती खरोखरच खुर्ची ओढून बसली. दुपारपर्यंत बसली. शेवटी काकासाहेबांनी गुपचूप तिचे पैसे परत केले, कुणाला सांगू नका म्हणाले. द्वारकाबाईनं जिना उतरायच्या आत सांगायला सुरुवात केली. आठवडाभर माडीवर आयांची रांग लागली. पावसाळ्यात काकासाहेबांनी सेंटर बंद केलं आणि प्लॉटच्या धंद्यात शिरले. लाज वाटून नव्हे. तिथं तारीख मागे न्यायचीही गरज नव्हती.

कौसल्यानं अंबडला घरच्या ओसरीवर एक जुना कॉम्प्युटर मांडला आणि शिकणाऱ्यांसाठीच्या भावात ते सॉफ्टवेअर मागवलं. पोस्टानं खोकं आलं. भिवा गुरुजींनी आतला लायसन्सचा कागद दोनदा वाचला. त्यावर लेकीचं नाव होतं. “एवढं महाग, आणि वरून असे नियम,” ते म्हणाले. खोकं येऊन चार महिने झाले नाहीत तोच कंपनीनं नवी आवृत्ती काढली, किंमत पुन्हा वेगळी. कौसल्यानं कंपनीलाही मनातून दोन शिव्या हासडल्या. लुटायची ही एक निराळी रीत, कागदावर सही घेऊन. पण कागदावर काय आहे ते निदान वाचता तरी येत होतं.

पुढच्या हंगामाआधी, माघात, कचरू ओसरीवर येऊन बसला. साहेबरावांनी पैसे पाठवले होते. आगाऊ, आणि पूर्ण.

“मालक म्हणले, शिक्के मारून मारून मानसं कटाळले. कधी करता?”

“आधी सॉफ्टवेअर मागवते, कारखान्याच्या नावानं.”

कचरूनं कॉम्प्युटरशेजारच्या खोक्याकडे बोट केलं. “हे हाये की तुमच्याकडं. मंग दुसरं कशाला?”

“हे शिकण्यापुरतं आहे, कचरूभाऊ. यावर बनवलेलं विकायची परवानगी नाही.”

“कोन बघायला येतंय इथं अंबडला?”

“कोणीच नाही.”

कचरूनं डोकं खाजवलं. “मालक म्हनतील, बाई येडी हाये.”

“म्हणू द्या,” कौसल्या म्हणाली, आणि पुण्याचा नंबर फिरवू लागली.