दोन बोटांची फट

बायको गेली तेव्हा तिचं एक काम अर्धवट राहिलं होतं. प्राण्यांच्या दवाखान्याची एक जुनी इमारत आहे. तिला लागून एक नवी खोली आणि व्हरांडा बांधायचा होता, त्याचं मॉडेल ती कॉम्प्युटरवर करत होती. मॉडेल म्हणजे नुसता नकाशा नाही. त्यात भिंत काढली की ती भिंतच असते. तिला जाडी असते, उंची असते, आत वीट आणि बाहेर गिलावा असतो. मी गवंडी आहे. तीस वर्षं विटा रचल्या. ती बावीस वर्षं पडद्यावर विटा रचत होती आणि तिच्या हाताला कधी सिमेंट लागलं नाही, यावरून मी तिला चिडवायचो. ती म्हणायची, "माझी भिंत पाडायला घण लागत नाही, एवढाच फरक."

शेवटच्या चार महिन्यांत औषधांनी तिची बोटं बधिर झाली. माऊस धरता येईना. मग तिच्या खुर्चीत मी बसायला लागलो. ती मागे पलंगावर उशीला टेकून सांगायची आणि मी माऊस हलवायचो. पहिल्या दिवशी मी तो इतका दाबून धरला की ती म्हणाली, थापी नाही ती, हलक्या हाताने घ्या. भिंत एकीकडे आणि माझा हात दुसरीकडे, असं आठवडाभर चाललं. नंतर जमायला लागलं.

सगळा वेळ जायचा तो सांध्यांत. पडद्यावर दोन भिंती एकमेकींना टेकल्या म्हणजे जोडल्या गेल्या, असं नसतं. लांबून बघावं तर कोपरा झकास दिसतो. जवळ जाऊन बघावं तर मधे केसाएवढी फट, नाहीतर एकीचं टोक दुसरीच्या पोटात घुसलेलं. घुसलेलं राहिलं की त्या कोपऱ्यातल्या विटा दोनदा मोजल्या जातात आणि साइटवर ट्रकभर माल जास्त येऊन पडतो. त्यामुळे दोन्ही भिंतींच्या मधल्या रेषा एकाच बिंदूवर आणायच्या, विटेला वीट भिडवायची आणि गिलावा कोपऱ्यावरून न तुटता वळवायचा. भिंत कॉलमला मिळते तिथे आणखी एक भानगड. दोघांपैकी जागा कोणाची, हे कॉम्प्युटरला सांगावं लागतं.

त्याचा क्रम तिने मला एकदाच सांगितला. कॉलम थोरला. मग बीम, मग स्लॅब आणि सगळ्यात धाकटी भिंत. थोरल्याने जागा घेतली की धाकटीने मागे सरायचं. तेव्हा माझी मेहुणी तिथेच बसली होती. ती शिवणकाम करते आणि दोन गल्ल्या सोडून राहते. ताई आजारी पडल्यापासून रोज दुपारी यायची. ती ब्लाउजला हूक लावता लावता म्हणाली, "म्हणजे आमच्या घरातली भिंत मीच." बायको खोकला येईपर्यंत हसली.

एका मंगळवारी सकाळी ती गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

पंधरा दिवसांनी मी आर्किटेक्ट बाईंच्या ऑफिसात गेलो. बाई चांगल्या आहेत. त्यांनी दार लावून घेतलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या की मॉडेलमध्ये अजून एक्केचाळीस सांधे उघडे आहेत. त्यांच्याकडचा दुसरा ड्राफ्ट्समन म्हणतो, दुसऱ्याचं निस्तरण्यापेक्षा नव्याने काढणं सोपं. सोमवारपासून तो काढायला घेईल.

प्रत्येक नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. काढणाऱ्याचं नाव तिथे येतं. नव्याने काढलं तर तिथे त्याचं नाव येणार. बरोबरच आहे, काम ज्याचं नाव त्याचं. पण त्या चार महिन्यांत ती उठून बसायची ती या कामासाठीच, आणि तिचं हे शेवटचं काम. ते कोणी पुसून टाकावं हे मला सहन होणार नव्हतं. बाईंना मी यातलं काही बोललो नाही. एवढंच म्हणालो की सांधे मी करतो.

बाईंनी माझ्या हातांकडे बघितलं. मी सांगितलं की शेवटचे सगळे सांधे माझ्याच हातचे आहेत, ती फक्त सांगत होती. त्यांना ते माहीत नव्हतं.

"पुढच्या गुरुवारपर्यंत," त्या म्हणाल्या. "पण मिस्त्री, एक सांधा जरी चुकला तरी मी नव्याने काढून घेईन. यावरून खरं बांधकाम होणार आहे."

मी कामावरून आठ दिवसांची सुट्टी घेतली. सकाळी सातला बसायचो, उजेड असेपर्यंत करायचो. पलंग पाठीमागेच होता. पहिल्या दिवशी दोनदा मागे न बघता विचारलं, "आता काय?" मग पलंगावर तिची वही आणून ठेवली आणि अडलं की वही उघडायला लागलो.

कॉम्प्युटर स्वतःच चुकांची यादी देतो. कुठे काय घुसलंय, कुठे काय सुटलंय. सोमवारी संध्याकाळपर्यंत एक्केचाळीसचे नऊ राहिले. व्हरांड्याच्या बीमने माझा एक अख्खा दिवस खाल्ला. तो भिंतीला कापायचा सोडून भिंतच त्याला कापत होती. धाकटीने थोरल्याची जागा घेतली होती. मेहुणी डबा घेऊन आली तेव्हा तिला हे सांगितलं, तर म्हणाली, चांगलं केलं भिंतीने, कधीतरी घ्यावी. वहीत बघून क्रम बदलला आणि बीम जागच्या जागी बसला. तेव्हा मी पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवलो.

बुधवारी दुपारी यादी रिकामी झाली. एकही चूक नाही.

मी गप्प राहायला हवं होतं. पण गवंड्याचा डोळा. काम झालं की तो भिंतीवरून एकदा हात फिरवतोच. तसं मी मॉडेल सगळीकडून फिरवून बघितलं, आणि नव्या खोलीची लांब भिंत जिथे जुन्या इमारतीला मिळते तिथे थांबलो. ती मिळतच नव्हती. दोन बोटं अलीकडे थांबली होती. आरपार उजेड दिसत होता. भिंतीच्या टोकावर एक बारीक खूण होती. त्या खुणेचा अर्थ मला माहीत होता. इथे जोडणं बंद ठेवलंय.

यादीत ही चूक नव्हती. मला वाटलं, दुखत असेल त्या दिवशी, चुकून बंद झालं असेल. किंवा माझाच जड हात लागला असेल. मी जोडणं चालू केलं. भिंत सरकन पुढे गेली आणि जुन्या भिंतीला चिकटली. गिलाव्याची रेषा एका भिंतीवरून दुसरीवर अशी गेली की सांधा शोधून सापडेना. इतका साफ सांधा मी विटेत कधी केला नव्हता. लगेच बाईंना पाठवून दिलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. यादी रिकामी आहे, सकाळी छापायला घेते, म्हणाल्या. आणि चौकटीत तिचंच नाव राहील, हेही स्वतःहून म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी मेहुणी आली. मी तिला बातमी सांगितली. ती डोळे पुसत चहा ठेवायला आत गेली आणि आतूनच म्हणाली, "भाऊजी, ही भेग परत उघडली की."

आमचं स्वयंपाकघर मी स्वतः बांधलेलं आहे. घर दोनच खोल्यांचं होतं, बारा वर्षांपूर्वी मागे ही तिसरी जोडली. तेव्हा बायको म्हणाली होती, नवी भिंत जुनीत गुंतवू नका. जुना पाया जमिनीत बसून झालाय, नवा अजून बसायचाय. मधे दोन बोटांची फट ठेवा. मी म्हणालो, तीस वर्षं विटा कोण रचतंय, तू की मी? खरं तर तेव्हा अठराच झाली होती. जुन्या भिंतीच्या एकाआड एक विटा काढून मी नव्या विटा त्यात अडकवल्या. दगडासारखं पक्कं काम. दुसऱ्याच वर्षी कोपऱ्यात भेग पडली. मी बुजवली. पुढच्या वर्षी परत पडली. दर वर्षी बुजवत आलो. ती त्यावरून कधी एक शब्द बोलली नाही.

मी आत गेलो. मेहुणी भेगेशी वाकून बघत होती. तिथे पेन्सिलच्या बारीक आडव्या रेघा होत्या, एकीवर एक, आणि प्रत्येक रेघेपुढे वर्ष लिहिलेलं. त्या वर्षी भेग जिथवर गेली तिथे रेघ. अक्षर तिचं. मी दर वर्षी खालून बुजवत गेलो होतो आणि ती वर रेघ मारत गेली होती. मला कधी दिसल्या नाहीत, कारण मी भेगेकडे बघायचंच टाळायचो. शेवटच्या रेघेच्या वर भेग वीतभर पुढे गेली होती. तिथे रेघ नव्हती.

मी स्टुलावर बसलो. दवाखान्याची इमारत जुनी, खोली नवी. दोन बोटांची फट. ती विसरली नव्हती. तिने ती ठेवली होती.

मेहुणीला सगळं सांगितलं. हेही सांगितलं की आता बाईंना बोललो तर एक सांधा चुकलाच, अट मोडली, त्या नव्याने काढून घेणार आणि ताईचं नाव जाणार. नाही बोललो तर नाव राहतं. भिंत आज उद्या पडणार नाही. दोन वर्षांनी भेग पडेल, कोणीतरी बुजवेल.

मेहुणी परत भेगेकडे वळली. मग म्हणाली, "आणि त्या भेगेखाली नाव कोणाचं असेल?"

तिने गॅस बंद केला.

"चहा आल्यावर पिऊ. चप्पल घाला."

आम्ही पोचलो तेव्हा नकाशे छापून टेबलावर पसरले होते. बाई सही करायला पेन उघडत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. सांधा माझ्या हातून चुकलाय, तिने बरोबर ठेवला होता, मी शहाणपणा केला. स्वयंपाकघराचंही सांगितलं. अट मला मान्य आहे, म्हणालो.

बाई कॉम्प्युटरकडे वळल्या. ती भिंत शोधली आणि तिच्यावर क्लिक केलं. भिंतीची माहिती उघडली. जाडी, उंची, वीट कुठली. अगदी तळाशी शेऱ्याची एक जागा असते. मी ती कधी उघडली नव्हती, कारण ती मला जेवढं सांगायची तेवढंच मी करायचो. हे तिने बोटं चालत होती तेव्हा स्वतः लिहिलेलं असणार. बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला.

"इथे जोडू नये. जुनी भिंत आणि नवी भिंत वेगवेगळ्या बसतील. आमच्या ह्यांनी जोडायला सांगितलं तर त्यांना घरी स्वयंपाकघरात पाठवावं."

मेहुणी आधी हसली. मग बाई हसल्या. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि मी दोन्ही थांबवलं नाही. ती गेल्यापासून मी माणसांसमोर रडलो नव्हतो.

बाई पाण्याचा ग्लास पुढे सरकवत म्हणाल्या, "अट चुकीच्या सांध्याची होती. तिचा सांधा चुकलेला नाही. तुमचा चुकलाय. बसा इथे आणि माझ्यासमोर सोडवा."

मी त्यांच्या खुर्चीत बसलो. मेहुणी मागे उभी राहिली. जोडणं बंद केलं, भिंत चाळीस मिलिमीटर मागे ओढली. मधे उजेड आला. हात हलका पडला होता. बाईंनी त्या भिंतीचे दोन कागद फाडून टाकले आणि नवे छापले. चौकटीत तिचं नाव होतं तसंच राहिलं.

निघताना बाई म्हणाल्या की कागदावर फट दाखवली तरी साइटवरचा गवंडी ती सिमेंटच्या मसाल्याने बुजवणारच, त्यांना अनुभव आहे. ती भिंत चढेल त्या दिवशी तुम्ही तिथे उभे राहा. मी म्हणालो, उभा कशाला, ती मीच रचतो. गवंड्यांना कसं समजावायचं ते मला विचारा, बारा वर्षं मला कोणी समजावू शकलं नव्हतं.

रविवारी मी स्वयंपाकघरातली भांडी बाहेर काढली. छन्नी आणि हातोडी घेऊन कोपऱ्यातल्या अडकवलेल्या विटा एकेक करून कापल्या. मेहुणीने ओळंबा धरला. धरला म्हणजे काय, इकडे घ्या, तिकडे घ्या, तुमचीच भिंत वाकडी आहे, असं चालू होतं. दुपारपर्यंत जमिनीपासून छतापर्यंत सरळ दोन बोटांची फट झाली. तिच्यात मऊ फोम भरला. वरून लाकडी पट्टी लावली आणि ती एकाच बाजूला खिळली, म्हणजे दुसऱ्या भिंतीला हलायला मोकळीक राहील. कापताना पेन्सिलच्या रेघा गिलाव्याबरोबर पडल्या. त्यातला एक तुकडा, वरच्या दोन रेघांचा, मी तिच्या वहीत ठेवला.

मेहुणी पट्टीवर हात फिरवत म्हणाली, "बारा वर्षं लागली."

"ती असती तर काही बोलली नसती."

"नाही," ती म्हणाली. "पेन्सिल घेऊन बसली असती."

मग तिने चहा ठेवला. भांडी बाहेरच होती, म्हणून आम्ही तो एकाच कपात अर्धा अर्धा, पाळीपाळीने घेतला.