व्हर्डेलची पत्रिका

व्हर्डेल टेबलापर्यंत पोहोचायच्या आधीच अर्लीननं बोटाला थुंकी लावून डेमोक्रॅट पक्षाची मतपत्रिका गठ्ठ्यातून फाडली आणि पुढे सरकवली. बावीस वर्षं चर्चच्या या जेवणघरात मतदान होत होतं, टेबलामागे अर्लीन बसत होती, आणि व्हर्डेलला काय हवं ते तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

“घे. आणि तो निळा पेन घे, बाकीचे सगळे मेलेत.”

व्हर्डेलनं पत्रिकेला हात लावला नाही. पर्स पोटाशी धरून ती नुसती उभी राहिली. मागे रांगेत सात-आठ जण होते, सगळे याच वस्तीतले, याच चर्चचे. उमेदवार ठरवायच्या या निवडणुकीचा नियमच असा, की एकाच पक्षाची पत्रिका मिळते आणि ती तोंडानं मागावी लागते. टेरेलचं नाव दुसऱ्या पत्रिकेवर होतं.

टेरेल तिच्या धाकट्या भावाचा मुलगा, सहा वर्षांचा असल्यापासून तिनंच वाढवलेला. वॉशिंग्टनला एका सिनेटरच्या कचेरीत तीन वर्षं राबून तो अलाबामात परत आला आणि माजी सैनिकांच्या कचेरीत म्हाताऱ्यांचे अर्ज भरू लागला, तेव्हा गावानं त्याला डोक्यावर घेतलं. सत्ताविसाव्या वर्षी तो रिपब्लिकन म्हणून परगणा मंडळाच्या निवडणुकीला उभा राहिला आणि त्याच गावानं त्याला धाडकन खाली आपटलं. न्हावी विचारायचा, “साहेब, भांगाची रेघ उजवीकडेच मारू ना?” नव्या पक्षातले गोरे लोक त्याला फोटोत पुढं बसवत आणि जेवायच्या वेळी त्याचं नाव विसरत. टेरेल दोन्हीवर हसायचा. व्हर्डेलला दोन्हीचा संताप यायचा. चर्चच्या गाण्याच्या तालमीत तर अर्लीननं सगळ्यांदेखत म्हटलं होतं, “पोराला ताप आलाय, व्हर्डेल. डोक्यावर बर्फ ठेव.”

तिनं स्वतःही त्याला फैलावर घेतलं होतं.

“हे खूळ तुझ्या डोक्यात भरवलं कोणी?”

“तूच की, आत्या.” बटरबीन्स वाढून घेत तो म्हणाला. “कोणापुढे हात पसरायचा नाही, स्वतःचं अंगण स्वतः झाडायचं, रविवारी चर्च बुडवायचं नाही. मी फक्त ते छापून वाटतोय.”

तिला हसू आलं होतं, आणि हसू आल्याचा रागही.

गेल्या रविवारी मात्र तो जेवून उठताना गंभीर झाला. “आत्या, मंगळवारी तू तुझीच पत्रिका घे. रॉस्को काकांचं मला ठाऊक आहे. मी मत मागायला आलेलो नाही.”

हेच तिला लागलं. मागितलं असतं तर भांडता तरी आलं असतं. पासष्ट साली ती आणि तिचा नवरा रॉस्को मतदारयादीत नाव घालायला चार वेळा कोर्टाच्या कचेरीत गेले होते. काळे म्हणून तीनदा त्यांना हाकलून दिलं. त्यापायी रॉस्कोची लाकूड गिरणीतली नोकरी गेली. तेव्हापासून घरात एकच पत्रिका, डेमोक्रॅटांची. तो गेल्यावर तर आपण दोघांच्या वतीनं खूण करतोय असं तिला दर वेळी वाटायचं.

“व्हर्डेल? चक्कर येतेय का?” अर्लीननं विचारलं.

“ही नको.”

“म्हणजे?”

“दुसरी दे.” तिनं पर्स टेबलावर ठेवली. “रिपब्लिकन.”

“अरे देवा!” मागून चर्चचा कारभारी डीकन हॉलिस कुजबुजला. त्याची कुजबुज नेहमीच अख्ख्या चर्चला ऐकू जायची.

व्हर्डेल वळली नाही. रॉस्कोच्या आठवणीपुढे तिला लाज वाटत होती, आणि पोराच्या मायेनं छातीही भरून आली होती. आता अर्लीनचा टोमणा येणार म्हणून तिनं मान ताठ केली.

अर्लीननं पहिल्या पत्रिकेवर दोन रेघा मारून ती रद्द केली. दुसऱ्या पक्षाचा गठ्ठा टेबलाखालच्या खोक्यात असायचा. या केंद्रावर तो कोणी मागायचं नाही. दर निवडणुकीला तो प्लॅस्टिकच्या वेष्टणातच यायचा आणि संध्याकाळी तसाच परत जायचा. आता कात्री शोधणं, वेष्टण फाडणं, तोवर सगळी रांग आपल्याकडे बघणार, असं मनात म्हणत व्हर्डेल थांबली.

अर्लीननं गठ्ठा वर काढला. वेष्टण आधीच फाडलेलं होतं. वरची एक पत्रिका फाटून गेली होती, गठ्ठ्याला तिचा एक नंबर छापलेला तुकडा तेवढा उरला होता. अर्लीननं दोन नंबरची फाडून पुढे केली.

टेरेलचं मत इथलं नव्हतं. तो गावात राहायचा, त्याचं केंद्र आगीच्या बंबांच्या शेडमध्ये होतं. व्हर्डेलनं त्या तुकड्याकडे पाहिलं, मग अर्लीनकडे.

अर्लीननं मान वर केली नाही.

“माझा ओटिस गेल्यावर माझ्या विधवेच्या पेन्शनसाठी तुझा पोरगा अकरा वेळा आला घरी,” ती अगदी हळू म्हणाली. “मेल्यानं एकदाही मत मागितलं नाही गं.”

मग तिनं निळा पेन व्हर्डेलच्या हातात दिला आणि डीकन हॉलिसला पुढे यायची खूण केली.