उजवीकडचं रीडिंग

रुग्णालयातून घरी आल्यावर टेलरबाईंनी पहिली तक्रार केली ती दुखण्याची नव्हे, सेफ्टी पिनांची.

दोन्ही बगलांखालून एकेक बारीक नळी बाहेर आलेली होती. प्रत्येक नळीच्या टोकाला मोसंबीएवढा मऊ, पारदर्शक फुगा. हवा काढून तो चेपून बंद केला, की आत साठणारं रक्त-पाणी हळूहळू ओढून घेतो. ते दोन्ही फुगे तिथल्या सिस्टरनं गाऊनला बाहेरून पिनांनी टाचून दिले होते.

"पंचवीस वर्षं मी गावाचे कपडे शिवतेय," बाई म्हणाल्या, "आणि माझ्या अंगावर पिना?"

"तात्पुरतं आहे गं," त्यांचे यजमान म्हणाले.

"तात्पुरत्यालाच कच्चे टाके म्हणतात. तो शिवणाचा डबा द्या इकडे."

डॉक्टरांनी हात खांद्याच्या वर न्यायला मनाई केली होती. कामाच्या बाबतीत बाईंनी जन्मात कधी हात वर केले नव्हते, त्यामुळे मनाई पाळणं जड गेलं नाही. कोपरं कुशीला चिकटवून त्यांनी गाऊनच्या आत दोन खिसे शिवले. फुगे त्यात बसले आणि नळीचं ओढणं थांबलं. पुढच्या तपासणीला सिस्टरनं ते खिसे उलटेपालटे करून पाहिले आणि वॉर्डसाठी डझनभर मिळतील का, असं विचारलं. आपण पेशंट आहोत हे बाईंना तेव्हा क्षणभर आठवेना. त्या म्हणाल्या, "कापड तुमचं की माझं?"

शस्त्रक्रिया छातीचा आकार वाढवण्याची होती. बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांत स्पंजच्या वाट्या बसवल्या. कुणाला थोड्या, कुणाला बऱ्याच, कुणाला "कळणार नाही अशा". दोन बाळंतपणं आणि एक लांबलेला आजार यानंतर स्वतःच्या कपड्यांतही बसवल्या. एक दिवस त्यांनी ठरवलं, की आता वाट्या पुरे. लोक अशा वेळी कारण विचारतात. बाईंचं कारण एवढंच होतं, की त्यांना हवं होतं. गिऱ्हाइकांना मात्र पाठीत उसण भरल्याचं सांगितलं होतं आणि प्रत्येक गिऱ्हाइकानं उसणीवर एकेक तेल सुचवलं होतं.

यजमान पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं घरोघरी पाण्याचे मीटर वाचले. दोनशे कुत्र्यांना ते वासावरून ओळखत आणि कुत्रीही त्यांना. सगळी आळी त्यांना 'रीडिंगवाले' म्हणायची. बाईंनी आपला बेत सांगितला तेव्हा ते काच धूसर झालेल्या मीटरकडे पाहावं तसे बराच वेळ पाहत राहिले.

"दुखेल का?" त्यांनी विचारलं.

"दुखेल."

"बरं. मग मी घरी असेन."

ते गेली दोन वर्षं घरीच होते. पण बाईंना ते बोलणं आवडलं.

घरी सोडताना सर्जनबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. रोज सकाळी एका ठरावीक वेळी फुगे मापाच्या पेल्यात रिकामे करायचे, मिलिलिटरचा आकडा लिहायचा, फुगा चेपून बूच लावायचं. ज्या बाजूचा आकडा लागोपाठ दोन दिवस तिसाच्या आत येईल, त्या बाजूची नळी काढू.

"आणि आकडा खरा हवा," त्या म्हणाल्या. "नळी उशिरापर्यंत राहिली तर जंतूंना रस्ता मिळतो. लवकर काढली आणि आत पाणी साठलं, त्यात काही झालं, तर मी आत घातलेलं इम्प्लांट मलाच काढावं लागतं. मग महिनोन्‌महिने पुन्हा नाही."

हे ऐकून बाईंनी रीडिंगवाल्यांकडे पाहिलं. रीडिंगवाल्यांनी छाती पुढे काढली. आयुष्यात पहिल्यांदाच डॉक्टर लोक त्यांच्या विषयावर बोलत होते.

त्यांनी वही आखली. तारीख, वेळ, डावं, उजवं, रंग, शेरा. सकाळी सात म्हणजे सात. पेला टेबलावर ठेवून ते गुडघ्यावर बसत, डोळा पाण्याच्या पातळीला आणत आणि खात्यातल्या आवाजात म्हणत, "डावं कनेक्शन, सत्तर. उजवं, पंच्याण्णव."

"मी काय इमारत आहे का?"

"रंग लाल. शेरा, ग्राहक चिडलेले."

रोज आकडा उतरत गेला. लालाचा गुलाबी झाला, गुलाबीचा फिका पिवळसर. उजवीकडे ऐंशी, बासष्ट, अठ्ठेचाळीस. मंगळवारी डावीकडे चोवीस आले आणि उजवीकडे छत्तीस.

तपासणी गुरुवारी होती. बुधवार आणि गुरुवार उजवीकडचा आकडा तिसाच्या आत आला, की दोन्ही नळ्या सुटणार होत्या. बाईंनी सगळं त्या गुरुवारवर लावलं होतं. नळ्या निघेपर्यंत आपण स्वतःकडे पाहायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. कपाटाच्या आरशावर त्यांनी चादर टाकली होती. "अर्धवट शिवलेलं मी गिऱ्हाइकाला दाखवत नाही," त्या म्हणत. रात्री उताणं, उशांच्या डोंगरावर झोपायचं. कूस बदलायची सोय नाही. उठताना नळी खुर्चीच्या हाताला अडकली, की डोळ्यांत पाणी. आठ दिवसांत त्यांना सलग तीन तास झोप लागली नव्हती.

बुधवारी सकाळी सात वाजता रीडिंगवाले पेला घेऊन खोलीत आले, तर बाई झोपलेल्या. गाढ. तोंड किंचित उघडं, कपाळावरची आठी गेलेली. ते उभे राहिले. एकदा हळूच खाकरले. बाई हलल्या नाहीत. गाऊनच्या आतल्या खिशात हात घातला असता तर त्या जाग्या झाल्या असत्या.

इथे चौतीस वर्षांची सवय नडली. मीटर वाचायला जावं आणि घराला कुलूप असावं, हे खात्यात रोजचंच. तेव्हा मागची रीडिंगं बघायची, चढउताराचा अंदाज घ्यायचा आणि आकडा टाकायचा. पुढच्या खेपेला खरं रीडिंग मिळालं, की फरक आपोआप जुळतो. रीडिंगवाल्यांचा अंदाज खात्यात नावाजलेला होता. त्यांनी वही उघडली आणि हात आपोआप चालला. डावं एकवीस, उजवं अठ्ठावीस. तात्पुरतं म्हणून लिहिलं; बाई जाग्या झाल्या की खरं घेऊन खोडू, असं म्हणत ते दूध आणायला बाहेर पडले.

वाटेत वीजबिलाच्या रांगेत अडकून साडेनऊला परत आले, तर धाकटी मेहुणी येऊन बसलेली. ही बाई कुठेही गेली, की पहिल्या पाच मिनिटांत तिथली भांडी घासून टाकते.

"भावोजी, तुमचं काम वाचवलं हो! ताई उठली तशी फुगे रिकामे करून ठेवले. पेलासुद्धा साबणानं धुतला."

"किती होतं?" रीडिंगवाल्यांनी दुधाची पिशवी हातातच धरून विचारलं.

"कसलं किती?"

"उजवीकडे. आकडा."

"अगं बाई, मी कुठे बघत बसू? बेसिनमध्ये ओतलं. थोडंसंच होतं. म्हणजे, तसं होतं."

"तसं म्हणजे?"

"भावोजी, पाणीच ते! तुम्ही असे बघताय जसं मी मंगळसूत्र ओतलं."

बाई उशांवरून म्हणाल्या, "अगं, यांनी घेतलंय सातला. यांचं घड्याळ चुकेल, हे नाही चुकायचे. किती आलं हो?"

रीडिंगवाल्यांनी वहीकडे पाहिलं. आकडे सुबक अक्षरात तिथे बसलेले होते.

"अठ्ठावीस," ते म्हणाले.

बाईंचा चेहरा असा उजळला, की रीडिंगवाल्यांचं पुढचं वाक्य बोलायचं राहूनच गेलं. धाकटीनं टाळ्या वाजवल्या. "ताई, उद्या सुटलीस! आता बघ, दुकानात बायका कपडे टाकायला नाही, तुला बघायला येतील."

"उसण बघायला," बाई म्हणाल्या आणि आठ दिवसांत पहिल्यांदा हसल्या. हसताना दुखलं, तरी हसल्या.

त्या दिवशी रीडिंगवाल्यांनी तीन वेळा विषय काढायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा बाई फोनवर होत्या. दुसऱ्यांदा जेवत होत्या. तिसऱ्यांदा मोकळ्या होत्या, तेव्हा रीडिंगवाल्यांनी भाजीत मीठ बरोबर आहे का, असं विचारलं.

गुरुवारी सातला खरं रीडिंग घेतलं. डावं अठरा, उजवं सव्वीस. त्यांनी पेला दोनदा तपासला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा. सव्वीस. म्हणजे कालचे अठ्ठावीस बरोबरच असणार. छत्तीस, अठ्ठावीस, सव्वीस. उतार कसा आखल्यासारखा. शिवाय धाकटीनं फुगे नऊला रिकामे केले होते, तेव्हा हे सव्वीस बावीसच तासांचे होते. हेही त्यांना ठाऊक होतं, आणि हेही कुणी विचारलं नाही.

अकरा वाजता सर्जनबाईंनी वही हातात घेतली.

"वा! अशी नोंद आमच्या वॉर्डातही नसते. शेरासुद्धा? 'ग्राहक चिडलेले'. छान. दोन्ही बाजू दोन दिवस तिसाच्या आत. काढून टाकू. सिस्टर, ट्रे घ्या."

बाई टेबलावर आडव्या झाल्या. सिस्टरनं डावा टाका कापला, "खोल श्वास... सोडा" म्हटलं आणि श्वासाबरोबर नळी सर्रकन बाहेर काढली. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि त्या म्हणाल्या, "एवढंच?"

सिस्टर टेबलाला वळसा घालून उजवीकडे आली. कात्री टाक्याखाली गेली.

"थांबा," रीडिंगवाले म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"बुधवारचं रीडिंग मी घेतलेलं नाही. टाकलंय."

"टाकलंय म्हणजे?" सर्जनबाईंनी विचारलं.

"ही झोपली होती. मी अंदाजानं लिहिलं. मग ते ओतलं गेलं. खरं किती होतं ते कुणालाच माहीत नाही. आणि आजचंसुद्धा बावीस तासांचंच आहे."

बाईंनी डोळे उघडले. त्यांनी छताकडे पाहिलं, यजमानांकडे नाही.

सर्जनबाईंनी वही पुन्हा उघडली. "डावीकडची काढली ते ठीक आहे. तिथे मंगळवार चोवीस, आज अठरा. उजवीकडे मात्र माझ्याकडे एकच दिवस आहे, तोही अपुरा. कदाचित काही होणार नाही. पण कदाचितवर मी काढत नाही. उद्या मी इथे नाही. शनिवारी या." मग रीडिंगवाल्यांना म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत."

"हो," बाई छताला म्हणाल्या. "फार बरं केलं. टाका कापताना सांगितलं. नळी अर्धी बाहेर आल्यावर सांगितलं असतं तर आणखी बरं."

घरी जाताना टॅक्सीच्या ड्रायव्हरनं गाणं लावलं आणि मागे एकदा पाहून स्वतःहून बंद केलं.

संध्याकाळी बाईंनी तोंड उघडलं.

"काल का नाही सांगितलंत?"

"तू हसलीस."

"म्हणजे माझ्यावरच?"

"तुझ्यावर नाही. तू आठ दिवस हसली नव्हतीस. मला ते परत घेववेना."

"आणि आज घेववलं?"

"आज ती कात्री टाक्याखाली गेली," रीडिंगवाले म्हणाले. "चौतीस वर्षांत माझ्या अंदाजामुळे कुणाचं काही कापलं गेलं नाही. बिल चुकलं तर दुरुस्त होतं. मला एकदम वाटलं, हिला पाणी साठलं आणि सगळं काढावं लागलं तर? ही मला काही बोलणारसुद्धा नाही. गप्प बसेल आणि पुन्हा त्या वाट्या शिवेल."

बाईंनी बराच वेळ उजवीकडचा फुगा खिशात नीट केला. तो नीटच होता.

"जेवायला काय आहे?" त्यांनी शेवटी विचारलं. कालचं होतं.

शुक्रवारी सातला बाई जाग्याच होत्या. त्यांनी पेला स्वतः उजेडात धरला. चोवीस. शनिवारी एकोणीस.

"सव्वीस, चोवीस, एकोणीस," बाई वहीतल्या ओळीवरून बोट फिरवत म्हणाल्या. "म्हणजे तुमचे अठ्ठावीस खरेच असणार."

"असतील."

"असतील काय? बरोबरच होतं तुमचं! नळी गुरुवारीच निघाली असती. दोन दिवस मला फुकट लटकत ठेवलंत."

"हो."

"मग कशाला बोललात?"

"बरोबर असेल गं. पण मी बघितलं नव्हतं ना."

बाई दुकानात असत्या तर कात्री आपटली असती.

शनिवारी उजवी नळी निघाली. सिस्टरनं छोटी पट्टी लावली आणि खिशांची पुन्हा आठवण करून दिली. घरी आल्यावर बाई खोलीत गेल्या, दार लोटलं आणि आरशावरची चादर ओढली. रीडिंगवाले बाहेर खुर्चीवर बसले. आतून काहीच आवाज येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. उठून विचारावं की बसून राहावं, हे त्यांना ठरवता येईना. ते अर्धे उठून तसेच राहिले.

दार उघडलं. बाईंच्या गळ्यात टेप होती. चेहऱ्यावर गिऱ्हाइकाचं नव्हे, टेलरचं समाधान होतं, म्हणजे जरा कमी दिसणारं आणि जास्त टिकणारं.

"फिटिंग चांगलं आलंय," त्या म्हणाल्या. "सूज आहे अजून, ती उतरेल. डावं-उजवं अर्ध्या बोटाचा फरक आहे. तो आधीपासूनच होता, माझा स्वतःचा."

"बरं झालं," रीडिंगवाले म्हणाले आणि पूर्ण बसले.

"बसताय काय? माझा एकही कपडा आता मला होत नाही." बाईंनी दोन्ही हातांवर झेललेले ड्रेस रीडिंगवाल्यांच्या मांडीवर टाकले. वर शिवण उसवायचा काटा ठेवला. "मला आणखी महिनाभर जोर करायचा नाही, आणि तुम्हाला दुसरा उद्योग नाही. बगलेपासून कमरेपर्यंत दोन्ही कुशी उसवा. आतल्या वाट्या काढून बाजूला ठेवा."

रीडिंगवाल्यांनी चष्मा लावला. पहिला ड्रेस उलटा करून उजेडात धरला, जीभ दातांत धरून अगदी सावकाश, एकेक टाका सोडवत वीतभर शिवण मोकळी केली आणि अभिमानानं वर पाहिलं.

ती बाहीची होती.

बाईंनी ड्रेस हातात घेतला, पाहिला, घडी करून बाजूला ठेवला. मग त्यांच्याजवळची खुर्ची ओढून बसल्या आणि दुसरा ड्रेस पुढे केला. या वेळी शिवणीवर आधी खडूनं रेघ मारली.