बुडालेल्यांचे मुके

तागबलुय या मच्छीमार गावाच्या किनाऱ्यावर त्या संध्याकाळी तातय पोन्सिंगच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध पाण्यानं भरलेली परात, शेजारी पेटती मेणबत्ती आणि मेणबत्तीमागे, जाडजूड मिशी पिळत, तातय. तिथल्या बोलीत तातय म्हणजे बाप. गावात कुणाला ताप आला किंवा कुणाचं डुक्कर हरवलं तर लोक आधी या बापाकडे येत, दवाखान्याची आठवण त्यांना नंतर होई.

त्याच्यासमोर पाच विधवा बसल्या होत्या. काळे कपडे, उन्हानं करपलेले चेहरे, आणि पाचही जणींच्या ओठाच्या कडेला पाणी धरलेल्या बारीक फोडांचा झुबका. वादळात सहा जणांची होडी गेली होती. होडीची एक फळी परत आली. माणसं आली नाहीत. पुरायला काहीच हाती न लागल्यामुळे या बायकांचं रडणंही अर्धवट राहिलं होतं. आणि आता, मासळी वाळवण्याच्या ऐन मोसमात, एकाच आठवड्यात पाच ओठांवर फोड.

तातयनं मेणबत्ती तिरपी केली. मेण पाण्यात टपटपलं आणि थिजलं. तो लॅटिनमध्ये पुटपुटू लागला. त्याचं लॅटिन इतकं खास होतं, की चर्चच्या पाद्रीबाबांनाही ते कधी कळलं नाही.

"दिसले!" तो ओरडला. "ओठ दिसले! खारट, गार ओठ! पोरींनो, तुमचे नवरे रात्री पाण्यातून वर येतात. उशाशी बसतात. मुका घेऊन जातात. हे माझं तेल लावा, नऊ दिवस प्रार्थना म्हणा. ते तृप्त होतील आणि खूण पुसली जाईल."

अंगणभर एक उसासा पसरला. बायका रडू लागल्या, पण रडता रडता हसतही होत्या. हिलारियाबाईंनी वाकून परातीत पाहिलं. उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेल्यामुळे त्यांना मेणाचा गोळा बटाट्यासारखा दिसला. पण बटाट्यासाठी कुणी रडत नाही, म्हणून त्या गप्प राहिल्या.

सहावी विधवा बेलेन कुंपणाजवळ उभी होती. तिचा ओठ स्वच्छ होता.

"हिचा नाही आला," कुणीतरी कुजबुजलं.

"येईल कसा? भांडकुदळ बाई. मेल्यावर तरी सुटला बिचारा."

बेलेननं पदरासारखा काळा रुमाल तोंडावर ओढला आणि ती निघून गेली.

पाचांतली सर्वांत लहान दालिसाय ही हिलारियाबाईंची भाची. नवरा लुसियो बुडाला तेव्हा ती पोटुशी होती. बाळ आमादो आता दोन आठवड्यांचं होतं. तातयनं त्याच्याकडे बोट केलं.

"या लेकराला बापाचा मुका मिळालेला नाही. रविवारी मी तो आईच्या ओठावरून उचलून याच्या ओठावर ठेवीन. या अंगठ्यानं."

कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. परक्या माणसानं बाळाचं कौतुक केलं, की दृष्ट लागू नये म्हणून त्यानं अंगठ्यानं आपली थुंकी बाळाच्या पायाला लावायची, ही तिथली रीतच. तातयनं फक्त पायावरून ओठावर बढती दिली होती.

हिलारियाबाईंना मात्र असे फोड शाळकरी वयापासून येत होते, आणि शहरातल्या डॉक्टरांनी त्यांना एकच गोष्ट बजावून सांगितली होती: फोड असताना तान्ह्या बाळाला तोंड लावायचं नाही.

घरी दालिसाय समुद्राकडे तोंड करून बाळाला पाजत होती.

"पोरी, हा आजार आहे गं."

"नाही, मावशी. तो येतो. आधी ओठाला मुंग्या येतात, मग गरम लागतं. तेव्हाच मला कळतं, आला म्हणून." तिनं ओठ चाचपला. "डोळे उघडले तर जाईल, म्हणून मी उघडत नाही."

बाहेर पाणी वाळूवर सरपटत येत होतं आणि जात होतं. ओल्या पावलांसारखा आवाज. विज्ञान शिकवलेल्या हिलारियाबाईंनी दाराकडे एकदा, अगदी सहज, पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या बेलेनकडे गेल्या. ती दिवसभर आपल्या दुकानाच्या फळीमागे बसून असे.

"बाई, मी काय केलं असेल हो?" बेलेननं विचारलं. "भांडायचो आम्ही. पण सगळेच भांडतात ना? बाकीचे आले. हाच का नाही आला?"

हिलारियाबाईंनी दुकानाच्या गार सावलीकडे पाहिलं, मग बाहेरच्या भाजत्या वाळूकडे. तिथं बांबूच्या मांडवांवर मासळी पसरली होती. वीसेक बायका ती उलटसुलट करत होत्या. जवळजवळ प्रत्येकीच्या डोक्यावर ताडाच्या पानांची रुंद टोपी होती. उघडी डोकी फक्त पाच, त्या विधवांची. गावात विधवेनं वर्षभर टोपी घालायची नसते.

बाईंनी तिथल्या तिथं आपली टोपी काढून बेलेनच्या हातात दिली आणि त्या मांडवांकडे निघाल्या.

"बाई, वेड लागलं का? पोळून निघाल!"

"तेवढ्यासाठीच चाललेय."

तीन दिवस त्या बोडक्या डोक्यानं मासळी उलटत राहिल्या. गाव म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलं. शनिवारी त्यांच्या ओठाला मुंग्या आल्या. एवढ्या आनंदानं आजारी पडलेली बाई तागबलुयनं पाहिली नव्हती.

रविवारी तातयनं दालिसायच्या फोडावर अंगठा टेकवला, त्यावर थुंकी लावली आणि बाळाकडे वाकला.

"थांबा, तातय! आधी माझं बघा. मलाही कुणीतरी मुका देऊन गेलंय."

हिलारियाबाईंच्या ओठावर झकास फोड होता.

"माझं तर लग्नच झालं नाही. त्या सहांतला कोण हा लबाड? मेण टाका, नाव सांगा. त्याच्या बायकोलाही कळू दे."

एक विधवा फिसकन हसली आणि लगेच तोंड दाबून बसली. तातय म्हणाला, "हा... हा समुद्रातला दुसरा आत्मा आहे. एकट्या बायकांवर भाळतो."

"आणि तुमच्या मिशीखाली खपली आहे, ती? तुमच्यावर कोण भाळलं?"

तातयचा हात आपोआप मिशीवर गेला. आता सगळं अंगण हसलं. बाई मात्र हसत नव्हत्या.

"भूत आहे, बायांनो. पण ते समुद्रात नाही, आपल्या आत आहे. बारीक विषाणू. लहानपणी कुणाच्या मुक्यातून, कुणाच्या उष्ट्या पेल्यातून येतो आणि नसेच्या मुळाशी झोपून राहतो. ऊन, ताप, जागरण, दुःख यांनी जागा होतो आणि त्याच वाटेनं बहुधा त्याच जागी वर येतो. तुम्ही पाच जणी दुःखात होतात, आणि वर बोडक्यानं उन्हात. टोपीवाल्या वाचल्या. फोड नऊ-दहा दिवसांत आपला आपण सुकतो; तातयची प्रार्थना नेमकी तेवढीच लांब आहे. मुंग्या आल्या की लगेच दवाखान्यात जा, गोळ्या मिळतात. फोडाला हात लावू नका, लागला तर धुवा. पेला, टॉवेल वेगळा ठेवा. मोठ्यांना हे सहसा थोड्या दिवसांचं दुखणं. पण तान्ह्या बाळाच्या अंगात हा शिरला तर मेंदूपर्यंत जाऊन जीवही घेऊ शकतो. तातय, तो अंगठा मागे घ्या."

अंगठा बाळाच्या ओठापासून वीतभर अंतरावर होता. आता तो हवेत लटकलेला फारच एकटा दिसत होता.

"म्हणजे," कुंपणाजवळून बेलेन म्हणाली, "तो माझ्यावर रागावला नव्हता?"

"नाही गं. तू सावलीत बसली होतीस, एवढंच."

बेलेन इतक्या दिवसांनी नवऱ्यासाठी मोकळेपणानं रडली.

दालिसाय हलली नाही. तिनं हळूच विचारलं, "मग माझा लुसियो... येतच नाही?"

सगळ्या विज्ञानात या प्रश्नाला एकच उत्तर होतं. बाईंना ते तोंडातून काढणं जड गेलं.

"नाही, पोरी. येत नाही."

दालिसायनं आमादोकडे पाहिलं. एका बाजूला तो गार, खारट ओठ होता, तिला मिळालेला लुसियोचा शेवटचा अंश. दुसऱ्या बाजूला हे गरम, जांभई देणारं तोंड. तिनं तातयच्या हाताखालून बाळाला ओढून घेतलं, तोंडाला रुमाल बांधून पुढे झालेल्या मावशीच्या हाती दिलं आणि घरी जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मग डोक्याचा रुमाल नाकातोंडावर घट्ट बांधला आणि बाळासाठी हात पुढे केले.

दुसऱ्या दिवसापासून विधवांनी टोप्या घातल्या. मेलेल्यांचा त्यात काही अपमान झाल्याचं दिसलं नाही.

कुणी सांगितलं, मेलेला येऊन शिवून गेला, तर आपल्याला ते हवंसं वाटतं. फसवणाऱ्याचं निम्मं काम आपलं दुःखच करून ठेवतं. म्हणून दुःखात असाल तेव्हा दोन प्रश्न जास्त विचारा. ज्याला झालं नाही, त्याला का झालं नाही, हा पहिला. आणि विचारल्यावर जो गडबडतो तो का गडबडतो, हा दुसरा.

खपली पडेपर्यंत दालिसायनं लेकराचा मुका घेतला नाही. पण रुमालाआडून ती त्याच्याशी बोलत असे: तुझा बाप खेकड्यांना घाबरायचा, बेसूर गायचा, भात नेहमी करपवायचा. बाप लेकरापर्यंत असाही पोचवता येतो. त्यानं बाळाला ताप येत नाही.