डाव्या बाजूची वायर

वायर कापताना मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. माझ्या बापाचंही ऐकलं नाही, आणि स्पीकर-स्टिरिओचं दुकान त्यांचंच होतं. दोन स्पीकर असतील तर दोन्ही वायरी एकाच मापाच्या. एक स्पीकर स्टिरिओला खेटून असला तरी त्याची वायर दुसऱ्याएवढीच; उरलेली मागं सैल सोडायची. खरं सांगायचं तर दोन-चार फुटांच्या फरकानं कानाला काही कळत नाही. पण हाताला वळण लागलंय, आणि राजारामपुरीत माझं जे काही नाव आहे, बरं किंवा वाईट, ते या हट्टापायीच.

म्हणून श्रीपालअण्णांनी हे वळण मोडायला सांगितलं तेव्हा माझं डोकं सटकलं. अण्णा गणिताचे मास्तर, वारणानगरहून निवृत्त होऊन इथं आलेले. सत्तरीत त्यांनी नवा स्टिरिओ घेतला, ही त्यांची जन्मातली पहिली चैन. मी सुतळी घेऊन माप घ्यायला गेले, तर त्यांनी आलेखाच्या कागदावर खोलीचा नकाशाच काढून ठेवलेला. समोरच्या भिंतीशी दोन स्पीकर, त्यांच्यापासून सारख्या अंतरावर मधोमध खुर्ची. मला शिकवायला काही उरलं नव्हतं. आणि हाच माणूस म्हणाला,

“डाव्याची वायर धा फूट जास्त काप.”

“ती का वो अण्णा?”

“त्यो स्पीकर खुर्चीजवळ आणायचा हाय.”

“मग तुमचा तिरकोन लंगडा की! दोन्ही सारख्याच कापणार. पटत न्हाय तर दुसरं कोणतरी बघा.”

“काप बाई, काप,” अण्णा हसून म्हणाले.

पंधरा-पंधरा फूट कापल्या, टोकं सोलली, जोडल्या. अण्णा खुर्चीत बसले. सीडी लावली, त्यात डावीकडून तबला, उजवीकडून बासरी. अण्णांनी कपाळाला आठी घातली.

“तबल्यात दम न्हाय. डावी वायर खराब हाय तुझी.”

माझी वायर खराब! तळपायाची आग मस्तकात गेली. मी दोन्ही वायरी दोन्ही टोकांनी सोडवून डावी उजव्या स्पीकरला लावली, उजवी डाव्याला. बासरी त्या ‘खराब’ वायरीतून खणखणीत वाजली, पण तबला त्यांना दबलेलाच वाटत होता. मग स्पीकरच इकडचा तिकडे केला. तरी तेच. शेवटी अण्णांना उठवून मी स्वतः खुर्चीत बसले, तर तबला छातीत घुमत होता.

सगळं बदलून झालं होतं. उरला होता तो फक्त अण्णांचा डावा कान.

मी तोंड उघडलं होतं. मनात आलेलं गिळायची मला सवय नाही. तेवढ्यात सीताकाकू, म्हणजे अण्णांच्या मिसेस, चहा घेऊन आल्या. स्वयंपाकघराचं दार डाव्या भिंतीत, खुर्चीच्या जवळच. सरळ हात लांबवला असता तरी कप पोचला असता. पण काकू पट्टा बांधलेला गुडघा सावरत, माझ्या वायरी ओलांडत, खुर्चीच्या मागून वळसा घालून उजवीकडे गेल्या आणि म्हणाल्या, “अवो, चहा.” माझा राग जागच्या जागी विरला.

कप ठेवायच्या निमित्तानं मी आत गेले. “काकू, तुमाला ठाऊक हाय.”

“दीड वर्स झालं,” ओटा पुसत त्या म्हणाल्या. “पयल्यांदा वाटलं, माझ्यावर रुसल्यात. मी बडबडायची आन ह्ये गप. एकदा मंडईत उजवीकडनं हाक मारली, तर लगीच वळलं. मग समजलं.”

“मग तुमी बोलला का न्हाई?”

“जल्मभर पोरांवर ‘कान हायत का भोकं’ म्हणून वरडलेला मानूस, पोरी. त्याला कुठल्या तोंडानं सांगू? मला काय, बाजू तर बदलायची. तू बी बोलू नगंस, शप्पत हाय.”

शपथ घातल्यावर जीभ बांधली गेली. हात मोकळे होते.

“अण्णा, खोलीत आवाज घुमतोय. जागा बदलूया,” मी म्हटलं आणि खुर्ची डाव्या भिंतीला चिकटवली, दाराच्या थोडी पुढं. आता त्यांच्या डावीकडे नुसती भिंत. येणारा जाणारा प्रत्येक माणूस उजवीकडूनच बोलणार. दोन्ही स्पीकरही त्यांच्या उजव्या कानाकडे वळवले. मोनोचं बटण दाबलं, म्हणजे तबला आणि बासरी दोन्ही स्पीकरांतून एकत्र. स्टिरिओही दाराकडे सरकवला. वायरी नव्यानं कापल्या. जवळच्या स्पीकरला नऊ फूट, लांबच्याला बावीस. वेगवेगळ्या मापाच्या दोन वायरी मी पहिल्यांदाच कापल्या, आणि हात जरासुद्धा अडखळला नाही. अण्णांच्या उजव्या हाताला दुसरी खुर्ची ठेवली आणि काकूंना बळंच तिच्यात बसवलं.

तबला सुरू झाला. अण्णांची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली.

“आता ब्येस झालं,” ते म्हणाले. “हिला माझ्या मागनं फेऱ्या माराय नगंत. गुडघं दुखत्यात तिचं.”

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “तुमाला कवापासनं ठाऊक?”

“तू झोपायची बाजू बदललीस त्या दिसापासनं. चाळीस वर्सं भिताडाकडनं झोपणारी बाई अचानक अलीकडं कशी आली? दवाखान्यात एकटाच जाऊन आलतो. डाव्या कानाची शीर कामातनं गेलीया म्हणाले.”

“आन मला सांगितलं न्हाईसा?”

“तू एवढं जपत हुतीस. कळलंय असं दाखवलं असतं, तर तुलाच वाईट वाटलं असतं.”

“मग माझ्या वायरीला नावं का ठेवली?” मी मध्येच तोंड घातलं.

अण्णा ओशाळले. “नवा स्टिरिओ हाय, पोरी. वाटलं, एकदा तरी वायरीचाच दोष निघंल.”

मी हातातली पक्कड पिशवीत टाकली. या दोघांवर माझा इतका जीव जडला होता की, खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले.

काकूंनी पदरानं नाक पुसलं आणि खुर्ची आणखी जवळ ओढली. “दीड वर्स मोजून-मापून बोलतीया तुमच्याशी. कायबाय सांगायचं ऱ्हाऊन गेलंय.”

अण्णांनी रिमोट उचलला आणि स्टिरिओ बंद केला. “सांग,” ते म्हणाले.