वसईच्या तहाचं साल

आमच्या ह्यांना संशय घ्यायला कारण लागत नसे. सोलकढी जरा आंबट झाली तरी ती कुणीतरी मुद्दाम केली असं त्यांना वाटे, आणि घरात ते कुणीतरी म्हणजे मीच. हे खाडीअलीकडच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गाला इतिहास शिकवत. त्यांनी सांगितलेल्या नोट्स मुलांनी शब्दन् शब्द उतरवून घ्यायच्या, अशी शिस्त. बासष्ट साली त्याच नोट्स सायक्लोस्टाइल होऊन कणकवलीच्या बाजारात विकायला आल्या, मग काय विचारता.

हे तडक मालवणला वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, मजकूर तुम्ही रचलेला, तेव्हा हक्क तुमचा. मुलांनी आपल्यापुरता उतरवला, सोबत्याला वाचायला दिला, तर कोण काय म्हणणार? पण तुम्हाला न विचारता छापून नफ्यावर विकला, की ते कायद्यात बसत नाही. मात्र विकणारा कोण, ते आधी दाखवा.

विकणारी यांनी परतीच्या वाटेवरच ठरवून टाकली होती. आनंदी. गावातल्या नर्मदेची मुलगी, बापाविना वाढलेली, वर्गात पहिली. ती दर शनिवारी कणकवलीच्या एस.टी.त कंडक्टरकडे एक पुडकं देई. तिचा मामा तिकडे डेपोत कामाला होता, आणि पुडक्यात आमसुलं असत, हे मी यांना शंभरदा सांगितलं. वरून आमसुलं, आत माझ्या नोट्स, हे म्हणाले. सापडली तर परीक्षेला बसूच देणार नाही, असंही ऐकवलं. मॅट्रिक झाली तर आनंदी ट्रेनिंगला जाऊन मास्तरीण होणार होती. नाहीतर आईबरोबर जन्मभर आमसुलं वाळवायची होतीच.

त्यातच आनंदी तापाने पडली आणि बरी झाल्यावर चुकलेला धडा उतरवून घ्यायला आमच्या पडवीत येऊन बसली. मी आत तांदूळ निवडत होते. वसईचा तह, हे सांगत होते, अठराशे पाच. तह अठराशे दोनचा, हे इतकी वर्षं ऐकून मलासुद्धा पाठ. मी दारात आले तर यांनी डोळे वटारले. ती गेल्यावर म्हणाले, बाजारातल्या प्रतीत पाच आलं की चोर सापडला.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा तो धडा असलेली बाजारातली प्रत हाती लागली. त्यात दोन होतं. हे दिवसभर ती उलटीपालटी करत बसले. मी म्हटलं, आता त्या पोरीला खरं साल सांगून या. सांगतो म्हणाले. रोज सांगतो म्हणाले. संशय घेताना चुरूचुरू चालणारी जीभ आता रेटत नव्हती. मला त्यांचा भारी राग आला.

मालवणला परीक्षेला जायचं तर होडीने खाडी ओलांडावी लागे. त्या सकाळी मीच तरीवर, होडीच्या धक्क्याला, गेले आणि होडीत बसलेल्या आनंदीला म्हटलं, तह अठराशे दोनचा गो. मी तिचं वाटोळं करायला आल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं.

"सरांनी माका स्वतः सांगल्यानी, काकी. सर चुकाचे नाय."

हे माझ्या मागोमाग आले होते, ते मला तेव्हा कळलं. शाळेतल्या मुलांशी यांनी कधी मालवणीत शब्द काढला नव्हता. आता गुडघाभर पाण्यात उभे राहून साऱ्या होडीदेखत म्हणाले, "आनंदी, ता साल मी मुद्दाम खोटा सांगलंय. माका तुझो संशय इलो होतो."

आनंदी रडली नाही. तिच्या मांडीवर दोन वर्षांच्या वह्यांची चळत होती, सगळ्या यांच्याच तोंडच्या. तिने त्यांवर हात ठेवला.

"मग ह्यातला आणखी काय काय खोटा आसा, सर?"

होडीवाल्याने होडी लोटली. बाकीचा सगळा खरा आसा, हे ओरडून सांगत होते, होडी लांब गेली तरी सांगत होते. आनंदीने मान वर केली नाही. शेजारच्या मुलीची वही मागून घेऊन ती आपल्या वहीशी एकेक ओळ ताडून पाहत होती.