स्थिर हात

"हलतोय," प्रतिभा म्हणाली.

"पंख्यानं."

"पंखा बंद आहे."

दिगंबरने वर पाहिले. पंखा खरेच बंद होता. त्याने दोन्ही हात पुढे धरले होते, बोटे पसरून, आणि बोटांवर कालच्या हिंदी पेपरचे एक पान आडवे ठेवलेले होते. पानाचा कोपरा थरथरत होता. फार नाही, पण दिसत होता.

"आधीपेक्षा कमी आहे पण," ती म्हणाली.

"बोर्डाचा डॉक्टर आधीचं विचारत नाही."

तिने पान उचलून घडी घातली आणि चहा आणायला आत गेली.

ही तपासणी व्यसनमुक्ती केंद्रात शिकवलेली होती. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी थरथर कागद दाखवतो. दहा दिवसांनी, सोमवारी, कारखान्याच्या टाऊनशिपमधल्या इस्पितळात मेडिकल बोर्ड बसणार होते आणि दिगंबर तारे पुन्हा क्रेनवर चढायला लायक आहे की नाही, हे तिथे ठरणार होते. नापास झाला तर निवृत्तीपर्यंत स्टोअरच्या खिडकीत बसून हातमोजे आणि साबण वाटायचे. सध्या तो तेच करत होता.

मोठ्या शेडमध्ये छताखालून क्रेन फिरते. ऑपरेटर वरच्या केबिनमध्ये बसतो, खालचा माणूस हातांनी खुणा करतो, आणि खोलीएवढी लोखंडी टाकी हवेतून सरकत जाऊन ठरल्या जागी उतरते. दिगंबरने ठेवलेली टाकी टेकल्याचा आवाज येत नाही, असे शेडमधले लोक सांगत. हे तो पीत असतानाही सांगत. किंबहुना शेवटच्या काही वर्षांत तो पिऊनच चालवत असे, कारण न पिता त्याला चालवता येत नव्हते. सकाळी पोटात थोडी गेल्याशिवाय लिव्हरवर बोट ठरत नसे. थोडी गेली की हात दगडासारखे. हे त्याच्या बायकोला, प्रतिभाला, ठाऊक होते, शेडला ठाऊक होते, आनंद नगरच्या देशी दारूच्या कलारीवाल्याला तर होतेच.

मग एकदा तो टाकी हवेत लटकत ठेवून केबिनमध्ये झोपी गेला. खालून लोक ओरडत होते, कोणी पाना फेकून मारला. शेवटी एकजण शिडीने वर गेला आणि त्याने दिगंबरला हलवून उठवले. कोणाला इजा झाली नाही. त्या दिवसापासून क्रेन गेली.

केंद्रातून घरी आला तेव्हा त्याचे हात इतके हलत की चहा बशीत, बशीतून सदऱ्यावर. प्रतिभा कप अर्धाच भरू लागली.  पुढे ती थोडा जास्त भरू लागली, मग आणखी थोडा. गणपतीत पाहुणे आले होते तेव्हा तिने सगळ्यांचे कप काठोकाठ भरले आणि त्याचाही. त्याने तो पाहुण्यांसमोर एका हाताने उचलून ओठाला लावला. नंतर स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "बघितलंस?" तिने बघितले होते.

पण कागद हलायचा थांबत नव्हता. केंद्राचे डॉक्टर म्हणाले होते, काहींना महिने लागतात, काहींचा कंप पूर्ण जात नाही.

दिगंबरची आई, शकुंतलाबाई, उज्जैनच्या. मुलगा केंद्रात होता तेव्हा त्यांनी काळभैरवाला नवस बोलला होता: माझ्या दिगूची सुटू दे, त्याच्याच हाताने तुला बाटली चढवीन. उज्जैनमध्ये यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तिथे भैरवाला दारूचाच नैवेद्य असतो.

"आई, दुसरं काही चढवा," प्रतिभा म्हणाली. "नारळ चढवा, तेल चढवा."

"देवाला बोललेली वस्तू बदलायची? आणि मग याचं परत सुरू झालं की मला विचारशील?"

 बोर्डाला आठवडा असताना, रविवारी, तिघे बसने उज्जैनला गेली.

देवळाबाहेर टोपल्यांत झेंडू, नारळ, उदबत्ती आणि बाटली अशी तयार पूजा मिळत होती. टोपली शकुंतलाबाईंनी घेतली आणि मुलाच्या हातात दिली. रांगेत प्रतिभा त्याला अगदी चिकटून उभी होती. पुजाऱ्याने बूच उघडले, बशीत ओतले, बशी मूर्तीच्या ओठांना लावून तिरकी केली. बशी हळूहळू रिकामी झाली. दिगंबर टक लावून पाहत होता. मग पुजाऱ्याने उरलेली बाटली त्याच्या हातात परत दिली.

"प्रसाद है. घर ले जाओ."

परतताना बसमध्ये बाटली शकुंतलाबाईंच्या मांडीवर होती, लाल कापडात गुंडाळलेली. घरी आल्यावर त्यांनी ती देवघरात ठेवली आणि पळी-पंचपात्र काढले.

"दिगू, हात पुढे कर. थेंबभर तीर्थ."

"आई!" प्रतिभा मध्ये आली.

"काय आई? देवाचं तीर्थ आणि कलारीतली दारू एकच का गं?"

"नको, आई," दिगंबर म्हणाला. आवाज शांत होता. "मला नको." आणि तो व्हरांड्यात जाऊन बसला.

प्रतिभाला त्या क्षणी वाटले, की आता हा सुटला.

संध्याकाळी पागेकाका आले. भालचंद्र पागे, निवृत्त फिटर; स्वतः कधीकाळी गटारातून उचलून आणलेले. टाऊनशिपमधल्या दारू सोडलेल्यांची बैठक तेच भरवत. त्यांनी देवघराकडे पाहिले आणि चप्पल काढता काढता थांबले.

"वहिनी, ये क्या है? काढा ती घरातून. आत्ताच्या आत्ता. पिंपळाच्या मुळाशी ओता, नाहीतर मला द्या, मी ओततो."

"प्रसाद मोरीत ओतायचा नसतो, तसा तो झाडाशीही ओतायचा नसतो," शकुंतलाबाई आतून म्हणाल्या. "दिगूचं बोर्डाचं काम झालं की मी स्वतः क्षिप्रेत सोडून येईन. तोवर भैरव राहील घरात. राखण करेल."

"आजी, हा राखणदार आमच्या ओळखीचा आहे. फार वर्षं राहिलाय आमच्या घरी."

दिगंबर हसला. प्रतिभाही हसली. बाहेर जाताना पागेकाका तिला हळूच म्हणाले, "हसण्यावारी नेऊ नका. आजच काढा."

तिने काढली नाही. सासूशी भांडायचे नव्हते हे एक. दुसरे म्हणजे तो "मला नको" म्हणाला होता, आणि त्यानंतर ती बाटली उचलून नेणे म्हणजे त्याच्या तोंडावर सांगणे की तुझ्यावर विश्वास नाही. केंद्रातही हेच सांगत: पाळत ठेवू नका. तिने पाळत ठेवली नाही.

तो आठवडा स्टोअरच्या खिडकीवर नेहमीसारखाच गेला. शेडमधला एकजण हातमोजे न्यायला आला आणि वाकून म्हणाला, "उस्ताद, ऊपर कब आ रहे हो? नया लड़का टंकी ऐसे रखता है कि नीचे भूकंप आ जाता है."

"सोमवार," दिगंबर म्हणाला.

"तो मंगल को लड्डू." मग जाता जाता, "लड्डू ही, हाँ?"

बाकीचे हसले. दिगंबरने पुढच्या माणसाला साबण दिला. देताना वडी हातातून निसटली.

शनिवारी कागद हलला. रविवारी जास्त हलला. "तू बघतेस म्हणून हलतो," तो म्हणाला. तिने मान दुसरीकडे वळवली. तरी कागदाची सळसळ ऐकू आली. 

सोमवारी प्रतिभा दूध आणायला गेली होती. परत आली तेव्हा तो तयार होता. इस्त्रीचा युनिफॉर्म, बूट, केस ओले करून विंचरलेले. तोंडात बडीशेप होती.

"ये, बघ," तो म्हणाला. आज पेपर त्यानेच काढून ठेवला होता.

त्याने हात पुढे केले. तिने पान बोटांवर ठेवले.

पान स्थिर राहिले. कोपराही हलला नाही. तिने वाकून पाहिले, बाजूने पाहिले. टेबलावर ठेवावे तसे ते त्याच्या बोटांवर पडून होते. बाहेर कोणाची स्कूटर सुरू होत होती, ती सुरू होऊन निघून गेली, तोवर दोघे तसेच उभे होते.

"काय?" तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. "झालं की नाही?"

असे हात तिने पूर्वी पाहिले होते. कित्येक वर्षे, रोज सकाळी, याच दारातून कामावर जाताना.

तिने पान उचलले.

"आज जाऊ नका," ती म्हणाली.

"का? हात बघितलेस ना?"

"बघितले. म्हणूनच."

 आतून शकुंतलाबाई आल्या, हातात पूजेचे पंचपात्र घेऊन.

"झाला ना स्थिर? मी म्हटलं नव्हतं? पहाटे मीच दिलं त्याला, पळीभर. म्हटलं आज भैरवाला सोबत घेऊन जा."

"पळीभर?" प्रतिभाने विचारले.

ती देवघराशी गेली आणि लाल कापडातली बाटली उचलली. ती एवढी हलकी होती की हात गरजेपेक्षा वर गेला.

शकुंतलाबाईंनी बाटलीकडे पाहिले, मग मुलाकडे. "मी पळीभरच दिलं रे," त्या म्हणाल्या. "मग मी फुलं तोडायला गेले." आणि तिथेच पाटावर बसल्या.

"एकदाच," दिगंबर म्हणाला. "फक्त बोर्डापुरतं. तिथे वास येणार नाही, मी बघितलंय. एकदा पास झालो की पुन्हा नाही. प्रतिभा, मला ती खिडकी नको. मी हातमोजे वाटणारा नाही गं."

"आणि उद्या सकाळी? वर चढायच्या आधी?"

त्याने युनिफॉर्मची बाही सारखी केली.

"खाली माणसं असतात," ती म्हणाली.

तिने दार लावले नाही, वाट अडवली नाही. ती बाजूला झाली. दार उघडे होते आणि इस्पितळ पायी जाण्याइतके जवळ. तो उंबऱ्यापर्यंत गेला. तिथे उभा राहिला. समोरच्या क्वार्टरमधला माणूस अंगणातल्या झाडांना पाणी घालत होता. "जा रहे हो, तारे साहब? बेस्ट ऑफ लक!"

दिगंबरने हात वर करून त्याला उत्तर दिले. मग तो वळून आत आला, खुर्चीवर बसला आणि बुटाच्या नाड्या सोडू लागला. गाठ पहिल्याच प्रयत्नात सुटली.

बोर्ड दुपारपर्यंत होते. दोनदा प्रतिभाला वाटले की तो उठेल. तो उठला नाही. दुपारी पागेकाका आले, कोणीतरी सांगितले असावे. ते दिगंबरच्या शेजारी स्टूल ओढून बसले. शकुंतलाबाई देवघराकडे पाठ करून तांदूळ निवडत होत्या. निवडलेले तांदूळ त्या पुन्हा निवडत होत्या.

प्रतिभाने चहा केला. पागेकाकांचा कप भरला, सासूचा भरला. मग तिने नवऱ्याकडे पाहिले. त्याचे हात मांडीवर होते, एक दुसऱ्याखाली दाबून धरलेला, आणि वरचा तरीही हलत होता.

तिने कप घेतला, गाळणी धरली, आणि अर्ध्यावर थांबली.